काळोखी

आमच्याकडं वांग्याचं पान गर्द हिरवं पडलं की ‘काळोखी आली’ म्हणतात. शब्द कौतुकाचा. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आबांचं दहा गुंठे माळवं असायचं. त्याला नत्र मिळायचं ते शेणखताचं, करंजीच्या पेंडीचं आणि उन्हाळ्यात धनगर रानात मेंढ्या बसवायचे त्याचं. कळप बसवला की धनगराला ज्वारी मोजायची. हे खत सावकाश कुजायचं, झाडाला घासाघासानं मिळायचं.

सिंद्रीचा खत कारखाना १९५१ला सुरू झाला, ट्रॉम्बेचा १९६५ला. आमच्या बांधावर युरियाचं पहिलं पोतं आलं तेव्हा मी तिसरीत होते. शंभर किलोत ४६ किलो नत्र. पेंडीत जेमतेम चार. आई आणि मी बुडात चिमूट चिमूट टाकत गेलो, मागून आबा मूठ मूठ टाकत आले. आठवड्यात काळोखी आली. लोक बघायला आले. पुढच्या पंधरवड्यात पानांखाली मावा आणि तुडतुडे, वरून चिकटा.

‘माजलंया झाड,’ आजी म्हणाली. यापेक्षा नेमकं निदान पुढं कृषी महाविद्यालयातही मला कुणी सांगितलं नाही. नत्र जादा झालं की रसात अमिनो आम्लं साचतात, पेशींच्या भिंती पातळ राहतात, पालवी कोवळी आणि दाट होते. माव्याला रसात नेमकं नत्रच कमी पडत असतं. इथं ते आयतं मिळतं, मग पिल्लांचा पूर येतो. दाट पाल्यात ओल कोंडते, तिथं बुरशी धरते. आबांनी बीएचसीची भुकटी उडवली. तिनं मावा खाणारे ढालकिडेही मेले, आणि मावा दुप्पट जोमानं परतला.

सगळं खापर युरियावर फोडणं मात्र मला पटत नाही. उपाशी टोमॅटोवर अल्टरनेरियाचा करपा जास्त चढतो, हेही मी रानात पाहिलंय. खोड युरियात नव्हती, आबांच्या मुठीत होती.

२०१५पासून देशात बनणाऱ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, नत्र हळू सुटावं म्हणून. म्हणजे जुन्या पेंडीची चाल पोत्यात शिरली म्हणायची. २०१८ला पोतं ५० किलोवरून ४५चं झालं. आमच्या गावात मात्रा अजून पोत्यातच मोजतात. त्यामुळं पोत्यामागं पाच किलो युरिया कुणी न सांगता कमी झाला.