एकाच सीडीत शंभर वर्षं

मंडळी, २००० नंतरची काही वर्षं घरोघरी सीडी बर्न करायचं वेड होतं, आठवतंय ना? आवडती गाणी जमवायची, कोऱ्या सीडीवर भरायची, वर स्केचपेननं नाव लिहायचं आणि नातेवाइकांत वाटायची. मग हमखास तक्रार यायची. एक गाणं कानात पुटपुटतंय, तर पुढचं एकदम अंगावर येतंय! रिमोट हातात धरूनच ऐकायचं.

मला विचाराल तर त्या चकतीवर ध्वनिमुद्रणाचा अख्खा इतिहास शेजारी शेजारी येऊन बसलेला असे.

१९०२ साली गौहरजान कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गायली, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून खणखणीत गायचं, त्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरणार. १९२५ नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि हळुवार आवाजही पकडता येऊ लागला. पण तबकडीची मर्यादा होतीच. आवाज मोठा तर खाच जास्त जागा खाणार आणि गाण्याला वेळ कमी उरणार. फारच झालं तर वाजवताना सुईच उडी मारायची.

१९८२ साली सीडी बाजारात आली आणि हा जागेचा हिशेब संपला. सीडीत प्रत्येक क्षणाचा आवाज ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. शेवटच्या पायरीपलीकडे जे जाईल ते कापलं जातं. सुरुवातीला वर बरीच मोकळी जागा सोडत असत. नव्वदीत मात्र आपलंच गाणं मोठं वाजावं अशी चढाओढ लागली. मोठ्या जागा दाबायच्या आणि मग सगळंच वर उचलायचं... २००८ साली मेटालिका या अमेरिकन बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये याचा इतका अतिरेक झाला की चाहतेच चिडले. 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी जास्त स्वच्छ वाजत होती!

घरी आपण 'नॉर्मलाइज' करतो तेव्हा बहुधा गाण्यातलं सर्वांत उंच टोक तेवढं वरपर्यंत नेलं जातं. पण कानाला जाणवते ती साधारण सरासरी. ख्यालात तबल्याची एखादी थाप टोकाला पोचलेली असते, गळा मात्र खालीच. (एका मुलाला शंभरपैकी शंभर मिळाले म्हणून अख्खा वर्ग हुशार ठरत नाही, तसंच.) हे ओळखून डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली 'रिप्लेगेन' ही पद्धत मांडली. कानाला जाणवणारी पातळी मोजायची आणि त्यावरून गाणं किती वर किंवा खाली न्यायचं ते ठरवायचं.

सीडी करताना हळू गाणं चढवत बसू नका, त्याची टोकं कापली जातात. मोठं गाणं खाली आणा. आणि फरक मिटवायचा तो दोन गाण्यांमधला. एकाच गाण्यातला हळू-मोठा हा गायकाचा निर्णय असतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा हळुवार सूर तानेइतका मोठा करून ठेवला, तर मग ऐकायचं काय?

गाडीत आलाप ऐकूच येत नाही, हे नातवंडांचं म्हणणं खरं आहे, रस्त्याचा गोंगाट असतोच. ज्यांच्या गाडीत अजून सीडी चालते त्यांच्यासाठी वेगळी, दाबलेली प्रत करायला माझी ना नाही. तिच्यावर 'गाडीसाठी' असं ठळक लिहा मात्र. नाहीतर पुढे कुणीतरी तीच मूळ समजून जपून ठेवायचं!