पेन, टॉमस

पेन, टॉमस : (२९ जानेवारी १७३७ – ८ जून १८०९). अमेरिकन व फ्रेंच राज्यक्रांत्यांचा पुरस्कर्ता, प्रजासत्ताकवादी लेखक आणि बायबलचा बुद्धिवादी टीकाकार. जन्म इंग्लंडमध्ये थेटफर्ड येथे. वडील क्वेकर पंथाचे, कॉर्सेट शिवणारे, आई अँग्लिकन. अबकारी खात्यातील नोकरी सुटल्यावर बेंजामिन फ्रँक्लिनचे शिफारसपत्र घेऊन तो १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला गेला.

जानेवारी १७७६ मध्ये त्याची *कॉमन सेन्स* ही पुस्तिका निघाली. वसाहतींनी राजाकडे गाऱ्हाणी नेण्याऐवजी स्वतंत्र व्हावे, असे तीत साध्या, रोखठोक भाषेत मांडले होते. राजेशाही खोडण्यासाठी त्याने आधार घेतला तो बायबलचाच : इस्राएल लोकांनी शमुवेलाकडे राजा मागितला, तेव्हा परमेश्वर नाराज झाला होता. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कने परंपरागत राज्यव्यवस्थेची तरफदारी केली, तेव्हा पेनने *राइट्स ऑफ मॅन* (१७९१–९२) लिहून उत्तर दिले. मागच्या पिढीला पुढच्या पिढीचे हात बांधण्याचा अधिकार नाही, हा त्यातील गाभा. या ग्रंथाबद्दल इंग्लंडमध्ये त्याच्या गैरहजेरीत खटला चालून तो दोषी ठरला. तोवर तो फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत निवडून गेला होता. तेथे त्याने सोळाव्या लुईच्या देहदंडाला विरोध केला. डिसेंबर १७९३ मध्ये त्याला अटक झाली.

मागच्यांचा शब्द पुढच्यांना बांधत नाही, हाच *राइट्स ऑफ मॅन* मधील निकष त्याने *द एज ऑफ रीझन* (तीन भाग : १७९४, १७९५, १८०७) मध्ये धर्मग्रंथाला लावला. साक्षात्कार ज्याला झाला त्याच्यापुरता तो साक्षात्कार. इतरांसाठी ती ऐकीव गोष्ट, असा त्याचा युक्तिवाद. पुरावा त्याने बायबलमधूनच काढला. ‘अनुवाद’ या पुस्तकात मोशेच्या मृत्यूची हकिकत आहे. मग ते मोशेने कसे लिहिले? ‘उत्पत्ति’मध्ये अब्राम दान गावापर्यंत शत्रूचा पाठलाग करतो, पण लईशला दान हे नाव पडले ते पुष्कळ पुढे, असे ‘शास्ते’ सांगते. पेन नास्तिक मात्र नव्हता. एक ईश्वर तो मानी आणि सृष्टी हाच त्याचा खरा ग्रंथ समजे. तरीही त्याला नास्तिक ठरवण्यात आले. इंग्लंडमध्ये हा ग्रंथ छापल्याबद्दल रिचर्ड कार्लाइलला तुरुंगवास झाला.

तीन देशांच्या राजकारणात वावरलेल्या पेनचे नागरिकत्व वारंवार वादात सापडले. तो पॅरिसच्या तुरुंगात असताना तेथील अमेरिकन राजदूत गव्हर्नर मॉरिसने त्याच्यासाठी आग्रह धरला नाही. मॉरिसच्या जागी आलेल्या जेम्स मन्रोने त्याला अमेरिकन नागरिक म्हणून १७९४ मध्ये सोडवले. १८०२ मध्ये तो अमेरिकेत परतला. १८०६ मध्ये न्यू रोशेल येथे, तो नागरिकच नाही असे म्हणून, त्याला मत देऊ दिले नाही. न्यूयॉर्कमध्ये तो वारला. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारल्याने त्याला त्याच्या शेतात पुरले. १८१९ मध्ये इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेटने त्याची हाडे उकरून इंग्लंडला नेली. पुढे ती हरवली.

महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी *राइट्स ऑफ मॅन* वाचला होता. *गुलामगिरी* (१८७३) मध्ये त्यांनी दशावतारांच्या कथांची संवादरूपाने उलटतपासणी केली आणि हा ग्रंथ निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. पोथी नाकारून ‘निर्मिक’ (सृष्टीचा निर्माता) मानण्याची त्यांची भूमिका पेनच्या एकेश्वरवादाशी जवळीक साधते.