कॅप्टन बॉयकॉटचे आडनाव

परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना इंग्रजी नकाराच्या नाना तऱ्हा परिचयाच्या असतात. अर्जावर ‘रिजेक्टेड’ असा शेरा पडतो, शिष्टमंडळाच्या वाट्याला ‘रिबफ’ येतो, आणि कोणा उमेदवाराची विनंती वरिष्ठ ‘स्पर्न’ करतात. या शब्दांची कुळे शोधू गेल्यास बहुतेकांच्या मुळाशी अंगबळाची एखादी क्रिया सापडते. ‘रिजेक्ट’ म्हणजे लॅटिनमध्ये मागे फेकणे. ‘रिपेल’, ‘रिपल्स’ आणि ‘एक्स्पेल’ या ढकलणे, हाकणे अशा अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदाच्या लेकी. वैद्याने मनगटावर शोधायची ‘पल्स’ही त्याच घराण्यातली. ‘स्पर्न’चा मूळ अर्थ तर सरळ लाथाडणे, घोड्याला टोचायची ‘स्पर’ ही त्याची भाऊबंद. ‘डिस्गस्ट’ तेवढा चवीवरून निघालेला. आपली शिसारी अंगभर उठते, इंग्रजाची जिभेवरच थांबते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हे सारे एकाने दुसऱ्याला दूर सारणे झाले. सबंध गावच एखाद्या माणसाकडे पाठ फिरवते, कोणी त्याला मारीत नाही, शिवी देत नाही, फक्त त्याच्याशी असलेला व्यवहार थांबतो, अशा प्रसंगी इंग्रजीची थोडी पंचाईत होई. अबोल्यापुरता ‘कॉव्हेन्ट्रीला पाठवणे’ हा वाक्प्रचार होता; पंडितांपाशी ग्रीकांकडून आलेला ‘ऑस्ट्रसिझम’ होता. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक मडक्याच्या खापरावर नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव कोरीत. त्या खापराचे ग्रीक नाव ‘ऑस्ट्रकॉन’. सहा हजार खापरे पडली म्हणजे ज्याचे नाव अधिक, त्याने दहा वर्षे नगर सोडायचे. ना आरोप, ना बचावाचे भाषण. मालमत्ता मात्र शाबूत राही. थेमिस्टोक्लीजसारख्या विजयी सेनानीलाही या खापरांनी सोडले नाही.

याच जड ग्रीक शब्दाला बाजूला सारून जो नवा शब्द आला, त्याची कथा आयर्लंडमधील मेयो परगण्यातली आहे. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तेथील कारभारी चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट, लोक त्याला कॅप्टन म्हणत, लॉक मास्क या सरोवराकाठी राहत असे. १८७९ हे साल आयरिश शेतकऱ्याला फार वाईट गेले होते. १८८० मध्ये कुळांनी खंडात शेकडा पंचवीस सूट मागितली. धन्याने दहा देऊ केली. सप्टेंबरात कुळे उठवण्याच्या नोटिसा निघाल्या. त्या बजावायला आलेल्या माणसावर बायकांनी चिखल आणि शेण फेकून त्याला पिटाळले.

त्याच्या तीनच दिवस आधी, १९ सप्टेंबरला, पार्नेलने एनिस येथील सभेत एक उपाय सांगितला होता. बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला गोळी घालू नका; रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा त्याला एकटे पाडा. हा मंत्र होता जमीन लाटणाऱ्या शेतकऱ्यासाठी. लागू पडला कारभाऱ्याला. बॉयकॉटचे शेतमजूर निघून गेले, घरची नोकरमाणसे गेली, लोहाराने आणि धोबिणीने काम बंद केले, बॅलिनरोबच्या दुकानदारांनी माल नाकारला. उभे पीक शेतात कुजू लागले. त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले, आणि प्रकरण विलायतभर गाजले. उत्तरेकडून पन्नास ऑरेंजमन कापणीला आले. त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई आणि पोलीस! काही शे पौंडांच्या बटाट्या-सलगमांसाठी सरकारचे हजारो पौंड खर्ची पडले. कामकाजाच्या फायली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या हिशेबाचे फारसे नवल वाटू नये. डिसेंबर उजाडताच बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

नाव सुचले ते फादर जॉन ओमॅली या गावच्या धर्मगुरूला. अमेरिकन वार्ताहर जेम्स रेडपाथ याने लिहून ठेवले आहे, की ‘ऑस्ट्रसिझम’ हा शब्द शेतकऱ्यांना कळायचा नाही अशी अडचण त्याने काढताच, फादरनी थोडा विचार करून बॉयकॉटचेच क्रियापद करावे असे सुचवले. थोड्याच काळात ते फ्रेंच, जर्मन आणि रशियन भाषांतही शिरले.

पंचवीस वर्षांनी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेने विलायती मालाविरुद्ध हेच अस्त्र उचलले. ७ ऑक्टोबरला पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीस जो शब्द बसला तो ‘बहिष्कार’. मराठीला येथे नवा शब्द घडवावा लागला नाही. आयरिश शेतकऱ्याला जे १८८० मध्ये सुचले, ते आपल्या गावकीला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे-टिळकांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले, हे सर्वश्रुतच आहे. परंतु त्यांना निदान प्रायश्चित्ताचे दार उघडे होते.

ज्यांना तेही नव्हते, त्यांच्यासाठी डॉ. आंबेडकरांनी एप्रिल १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र काढले. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सभासद होते. समितीच्या १९३० च्या अहवालात, अस्पृश्यांनी हक्क बजावू म्हटले की गाव काय करते, त्याचे वर्णन आहे: शेतातले काम बंद, गावच्या वाटा बंद, वाण्याकडचे जिन्नस बंद. बॅलिनरोबच्या दुकानदारांची आठवण येते. पण तेथे कुळांनी धन्याच्या माणसाला वाळीत टाकले होते, आणि त्याच्याकडे हजार शिपाई आले. महारवाड्याकडे कोणते लष्कर जाणार होते? माझ्या मते या दोन गोष्टींना एकच शब्द असणे हे कोशकारांचे दुर्दैव आहे.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृतीविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला असून, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. त्याच्या इंग्रजी नावात ‘सोशल बॉयकॉट’ असे शब्द आहेत, आणि जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या एखाद्या कुटुंबाची इंग्रजी फिर्याद आज त्या मेयोच्या कारभाऱ्याच्या आडनावाखाली लिहिली जाते.