वाढत्या वयातील कृत्रिम गोडवा : उंदरांवरील प्रयोगांतून काय दिसते?

वजन वाढले नाही म्हणजे अपाय झाला नाही, हा कृत्रिम स्वीटनरविषयीचा रूढ समज कोवळ्या वयाच्या प्राण्यांवरील प्रयोगांत टिकलेला नाही. अमेरिकेतील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचे स्कॉट कानोस्की आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘जेसीआय इनसाइट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पौगंडावस्थेतील उंदरांना सॅकरिन, एसिसल्फेम पोटॅशियम किंवा स्टीव्हिया रोज देण्यात आले. मात्रा माणसांसाठी ठरवलेल्या दैनंदिन मर्यादेतच होती.

हे उंदीर प्रौढ झाले तेव्हा त्यांचे वजन वाढलेले नव्हते. परंतु स्मरणशक्तीच्या चाचण्यांत ते मागे पडले. जिभेवरील गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींचे प्रमाण घटले होते आणि शरीराकडून ग्लुकोज हाताळले जाण्याची पद्धतही बदलली होती. साखर मिळवण्यासाठी कष्ट घेण्याची त्यांची तयारी कमी झाली, मात्र ती मोकळेपणाने उपलब्ध होताच त्यांनी अधिक खाल्ली. स्टीव्हिया वनस्पतिजन्य असल्याने निर्धोक मानली जाते; या अभ्यासात तिला वेगळी वागणूक देण्यासारखे काही आढळले नाही.

अशा निष्कर्षांकडे सावधपणे पाहण्यास सॅकरिनचाच इतिहास शिकवतो. कॅनडातील अभ्यासात आहाराच्या ५ टक्के सॅकरिन दिलेल्या उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या आणि १९७७ मध्ये अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला. संसदेने तो रोखून वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. गाठींचा धोका विशेषतः नरांमध्ये आणि गर्भावस्थेपासून सॅकरिन मिळालेल्या पिढीत दिसला होता. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत उंदरांच्या मूत्राशयाचे अस्तर झपाट्याने वाढते. मोठ्या मात्रेमुळे मूत्रात तयार होणारे कॅल्शियम फॉस्फेटयुक्त कण त्याला सतत इजा करतात. माणसात ही प्रक्रिया घडत नाही, हे स्पष्ट झाल्यावर २००० मध्ये सॅकरिन अमेरिकेच्या संभाव्य कर्ककारकांच्या यादीतून वगळले गेले. वेष्टनावरील इशाराही गेला.

मात्रा अवाजवी असल्याचा तेव्हाचा आक्षेप २०२२ च्या प्रयोगाला लागू होत नाही. उंदीर आणि मूल यांतील अंतर मात्र कायम आहे.

अस्पार्टेमचा वाद अधिक चिघळलेला आहे. इटलीतील रामाझिनी इन्स्टिट्यूटने २००७ मध्ये गर्भावस्थेपासून अस्पार्टेम दिलेल्या उंदरांत कर्करोग वाढल्याचे म्हटले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तो निष्कर्ष स्वीकारला नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला ‘कदाचित कर्ककारक’ गटात टाकले, तर अन्नमिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. त्याआधी मे महिन्यात संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी स्वीटनर वापरू नयेत, अशी शिफारस केली होती. ती मुलांनाही लागू आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना त्यातून वगळले आहे.