बिडीचा पैसा माहा

आमच्या घरात पैसा एकच कधी नव्हता. धानाचा पैसा वेगळा, तेंदूपत्त्याचा वेगळा, बिडीचा वेगळा. प्रत्येकाचा हंगाम वेगळा, ठेवायची जागा वेगळी आणि धनीही वेगळा. आजी सांगायची, "धानाचा पैसा घराचा, पत्त्याचा पोरासोरांच्या कपड्यांचा, अन् बिडीचा पैसा माहा." तिच्याकडून आणि आजोबांकडून ऐकलेलं जुळवत गेलो की आमच्या भागातलं गेलं शतक मला या तीन पैशांतूनच उलगडतं. माणूस वयाच्या कुठल्या टप्प्यावर आहे, हेही त्याच्या हाती कुठला पैसा येतो यावरून कळायचं.

आमचं गाव तिरोडा तालुक्यातलं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, पण आजोबांच्या तोंडी तो अखेरपर्यंत भंडाराच राहिला. त्यांच्या लहानपणी गाव मालगुजाराचं होतं. तलाव त्याचा आणि पाणी सोडायचा शब्दही त्याचाच. नवेगावबांधचा थोरला तलाव कोलू पाटील कोहळ्याने बांधला, ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी' झाले. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात.

या पाण्यावर लुचई, चिन्नोर, हिरानखी असे धान पिकत. परे काढायचे ते बायांनी, कमरेत वाकून रोवणी करायची ती बायांनी, कापणीतही त्याच पुढे. पण धान विकायला बंडी निघाली की धुरेवर बसायचा पुरुष. पैसा त्याच्या हाती येई आणि तिथून तो सावकाराकडे, बैलाकडे, लग्नाकडे जाई. आजी या पैशाला घराचा म्हणायची. त्यात तिचा घाम किती, हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण तो मागावा असं तिच्या पिढीला कोणी शिकवलंच नव्हतं.

पत्त्याचा पैसा मे महिन्याचा. त्याआधी तेंदूच्या झुडपांची बेला कटाई होई, म्हणजे पालवी मऊ आणि मोठी फुटते. मग भल्या पहाटे सगळं घर जंगलात. दुपारी पडवीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि सांजेला फळीवर, म्हणजे पत्ता खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे. शाळेला सुट्टी असल्याने पोरांचे हात मोकळे असत. माझ्या वडिलांची पहिली कमाई हीच, आणि त्यांच्या पिढीतल्या गावातल्या बहुतेकांचीही. महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने वनोपजाचा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली घेतला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला आणि आता देवरी, सडक अर्जुनीकडच्या काही ग्रामसभा पत्त्याचा लिलाव स्वतः करतात. हे ऐकायला आजोबा हवे होते. जंगलात अस्वलाची भीती तेव्हाही होती, आजही आहे. पण भाव ठरवताना गावाचा माणूस समोर बसलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

बिडीच्या पैशाची गोष्ट मात्र मोठी आहे. जंगलात तेंदू होता, बंगाल नागपूर रेल्वेने गोंदिया मोठं जंक्शन केलं होतं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला जाणारी छोटी लाइनही झाली. गुजरातेतून तंबाखू यायला आणि इथून माल जायला वाट मिळाली. गुजराती व्यापाऱ्यांनी हे हेरलं. त्यांतले मनोहरभाई पटेल बिडीच्या धंद्यात मोठे झाले आणि १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. ९ फेब्रुवारीला त्यांची जयंती होते, गुणवंत मुलांना सुवर्णपदकं मिळतात. त्या शाळा-कॉलेजांमुळे आमच्यासारखी घरं शिकली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. आणि तितक्याच आवर्जून हेही सांगतो की या धंद्याची खरी जागा कारखान्यात नव्हती. ती गावोगावच्या पडव्यांमध्ये, बायांच्या मांडीवरच्या सुपात होती.

आजीच्या सुपात काय असे? भिजवून मऊ केलेला पत्ता, कात्री, मापाचा पत्रा, तंबाखू, धाग्याचं रीळ. पत्रा ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोकं दुमडायची, धागा गुंडाळायचा. सात-आठ वर्षांची पोर टोकं दुमडायला बसे. बारा-तेराव्या वर्षी तिच्या हाती कात्री येई. सोयरीक पाहायला आलेले पाहुणे विचारत, "पोरीला बिडी येते का?" दिवसाला हजार बिडी करणाऱ्या मुलीची किंमत वेगळी होती. मुलीचं मोल असं हजारीवर ठरावं, हे मला आजही लागतं. पण आजी ते सांगताना ताठ बसायची, कारण ती हजारवाली होती. त्या हजारासाठी पहाटेपासून दिवा लागेपर्यंत मांडी मोडायची नाही, हे ती लगेच पुढे जोडायची. माल कारखान्यावर नेला की तिथला माणूस मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला टाकी. त्यांचे पैसे मिळत नसत. सुट्ट्या, घरी काम करणाऱ्या बाईचीही कामगार म्हणून नोंद, हे १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने आलं. १९७६ मध्ये कल्याण निधी झाला आणि बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. माझ्या एका आत्याची दहावी त्यावर झाली.

तंबाखूच्या धुळीने आजीला खोकला जडला तो गेलाच नाही. साठीनंतर नजर कमी झाली, बोटं अडू लागली. हजाराचे पाचशे झाले, मग ती फक्त पत्ता निवडून द्यायची. सूप आईच्या मांडीवर गेलं. घरात यासाठी काही विधी झाला नाही, पण त्या दिवसापासून बिडीचा हप्ता आईच्या हाती येऊ लागला आणि आजी पहिल्यांदा कोणाकडे तरी चहापत्तीला पैसे मागू लागली. म्हातारपण तिला तिथे भेटलं.

त्या हप्त्यातून काय काय झालं? साखर, तेल, औषध हे तर झालंच. पण शौकही झाला. आजोबा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवायचे. दिवाळीनंतर धान निघालं की भाऊबीजेपासून गावोगाव मंडया भरतात. आज या गावची, उद्या त्या गावची. पाहुणे येतात, मुली पाहिल्या जातात, सोयरिकी ठरतात आणि रात्री नाटक असतं, ते थेट उजाडेपर्यंत. आमच्या या झाडीपट्टीत शौकालाही असा हंगाम आहे. कापणी झालेल्या बांधीत तणशीवर बसून माणूस वर्षाचा शीण काढतो. आजोबांच्या काळी गावचेच पुरुष लुगडं नेसून नाटकात बायांची कामं करत. आता वडसा इथल्या मंडळींच्या नाटक कंपन्या बोलावतात, तिकीट लावतात. आजोबांची ढोलकी आजीच्या बिडीच्या पैशाने आली होती. मढवायला टाकायची वेळ आली की आजोबा आधी तिला विचारत, आणि गावात ते सगळ्यांना माहीत होतं. बाईच्या स्वतःच्या पैशाने घरातला मान कसा बदलतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आज गावात बिडीची सुपं थोडीच उरली. पोरं नागपूरला, हैदराबादला गेली. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं वीज केंद्र उभं राहिलं, काहींना तिथे काम मिळालं. कमाई आता महिन्याने थेट खात्यात येते. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये २१ ते ६५ वयाच्या पात्र बायांच्या खात्यावर येऊ लागले. बँकेसमोर उभ्या बायांचं बोलणं ऐकतो तेव्हा आजीचंच वाक्य कानावर येतं. हा माहा पैसा. त्याला कोणी कितीही नावं ठेवोत, मला ती रांग पाहून बरं वाटतं.

पण हा पैसा सरकार देतं आणि सरकार थांबवूही शकतं. धानाचा पैसा अजूनही सातबाऱ्यामागेच जातो. धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपयांचा बोनस जाहीर झाला, तोही नोंदणी केलेल्या शेतकऱ्याच्या नावाने, आणि ते नाव बहुतेक घरांत पुरुषाचंच असतं. चिखलात वाकलेली बाई त्या कागदावर नसते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर सरकारने १९९२ मध्येच वाट काढून दिली आहे. नवऱ्याने स्वतः तलाठ्याकडे अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढतं. आमच्या घरी आईचं नाव चढलं. तुमच्या बांधीत रोवणी करणारीचं नाव कागदावर आहे का, ते या हंगामाआधी पाहा, आणि नसेल तर अर्ज करा.