तीन अटींची शाळा

हे पुस्तक हातात घेणाऱ्याला ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांचं त्रांगडं एव्हाना सुटलेलं आहे, असं धरून चालतो. फोटो धारदार येतात, उजेडही बरोबर असतो. तरी घरी येऊन पाहावं तर त्यात जीव नसतो. या टप्प्यावर बहुतेक जण नवी लेन्स घेतात. मीही घेतली होती. हप्ते फिटले, फोटो होते तसेच राहिले. छायाचित्रणाचा खरा अभ्यास इथून सुरू होतो, आणि त्याची एक जुनी शाळा आपल्या वर्धा जिल्ह्यातच भरून गेली आहे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात आले. १९४० मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्यांचे चुलत पुतणे नारणदास यांचा मुलगा कनू, जन्म १९१७चा, आश्रमात पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळत असे. विनोबांचे बंधू शिवाजीराव भावे यांनी त्याला फोटोग्राफीची गोडी लावली. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाकडून पैसा मिळणार नाही. १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षं कनू गांधींनी या अटींत राहून काम केलं. मला या अटी अडवणुकीच्या वाटत नाहीत. कॅमेरा शिकून झालेल्या माणसासाठी इतका नेमका अभ्यासक्रम मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पहिली अट उजेडाची. बापू कुटीत गेलात तर मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा पाहा. बाजूनं तिरपा उजेड येतो तेव्हा उंचवट्याच्या एका कडेला सावली धरते आणि चित्र भिंतीतून वर येतं. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड समोरून पडतो. तो सावली पुसून टाकतो आणि भिंत सपाट होते. माणसाच्या चेहऱ्याचंही तसंच. गालाची, कपाळाची घडण सावलीच सांगते. बाहेर वैशाखातलं ऊन आणि आत कुटीतला काळोख हे दोन्ही एका फ्रेममध्ये मावत नाही. डोळा आत आल्यावर सरावतो, कॅमेरा सरावत नाही. म्हणून दार ठेवायचं की माणूस, हे शटर दाबण्याआधी ठरवावं लागतं. संथ फिल्म आणि फ्लॅशविना कनूंना हा निवाडा रोज करावा लागला असणार.

या जिल्ह्यात उजेडाचा दुसरा धडा वावरात मिळतो. कॅमेऱ्याचं मीटर फार भोळं असतं. जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे, असं ते समजतं. वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीच्या फुटलेल्या बोंडांवर, किंवा हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर ते धरा, पांढराशुभ्र कापूस मळकट येईल. तिथे एक-दीड स्टॉप वाढवावा लागतो. नांगरलेल्या काळ्या रानावर धरलं तर उलटं होतं: ओली काळी माती राखेसारखी फिकी पडते, तिथे कमी करावं लागतं. आणि दोन्ही एकाच फ्रेममध्ये असतील तर? मी कापसाची बाजू घेतो. बोंडातले तंतू दिसले पाहिजेत. माती थोडी जास्त काळी झाली तर ती इथे कुणाला खोटी वाटत नाही. असे निर्णय पुस्तकात वाचून येत नाहीत, पण असा निर्णय घ्यायचा असतो एवढं पुस्तक सांगू शकतं.

दुसरी अट, पोझ न मागण्याची, दिसायला सोपी आणि पाळायला सगळ्यांत अवघड. पोझ मागता येत नाही तेव्हा थांबावं लागतं, आणि थांबायचं तर समोरचा माणूस पुढच्या क्षणी काय करणार हे ठाऊक असावं लागतं. कनूंना ते ठाऊक होतं, कारण ते त्याच अंगणात राहत होते. कुष्ठरोगानं आजारी असलेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी त्यांच्या चित्रात दिसतात. तिथे कुणीही कॅमेऱ्यासाठी बसलेलं नाही. रोलायफ्लेक्समध्ये छातीशी कॅमेरा धरून मान खाली घालून पाहायचं असतं, आणि काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. जमिनीवर बसणाऱ्या माणसांसाठी ती खालची नजर बरी पडली असावी, हा माझा आपला अंदाज. आपण मात्र उभ्यानं, डोळ्याच्या उंचीवरून सगळं जग टिपत सुटतो. गुडघे जरा वाकवून पाहा.

जगाला अधिक ठाऊक असलेलं चित्र मात्र मार्गारेट बर्क-व्हाइट यांचं: १९४६, पुणे, पुढे चरखा आणि मागे वाचत बसलेले गांधीजी. फोटो काढण्याआधी बर्क-व्हाइट यांना चरखा चालवायला शिकावं लागलं होतं. फ्लॅशचे मोजके बल्ब वापरायची परवानगी मिळाली, तरी पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसरा साधला. म्हणजे फ्लॅश हे काही पाप नव्हे. पण त्या चौकटीत चरखा माणसाच्या पुढे आला, तो आधी हात सुताला लागले म्हणून, असं मानायला मला आवडतं.

पैशाच्या अटीबद्दल थोडकंच. कनूंच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा चित्रं निघत आणि रोलचा खर्च चित्रं विकून भागवावा लागे. आपल्या कार्डात हजारो मावतात. म्हणून या पुस्तकातले सगळे सराव बारा चित्रांचे आहेत. तेराव्यासाठी दुसऱ्या दिवशी परत जायचं.

एक गोष्ट अटींमध्ये लिहिलेली नव्हती. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा गांधीजींनी कनूंना फोटो काढू दिला नाही. हातात कॅमेरा आहे आणि समोर इतिहास आहे, एवढ्यानं हक्क मिळत नाही. दवाखान्यात, कर्जापायी जीव दिलेल्याच्या अंगणात, विदर्भात हा प्रश्न आजही उभा राहतो. त्याला मी या पुस्तकात वेगळं प्रकरण दिलं आहे आणि ते लिहिताना सगळ्यांत जास्त खाडाखोड झाली.

प्रकरणं क्रमानं वाचायलाच हवीत असं नाही. फक्त वाचायला घेण्याआधी एक जागा निवडा: पवनारला धाम नदीचा काठ, आर्वीचा आठवडी बाजार, नाहीतर घरामागचं गोठ्याचं दार. पहिल्या खेपेला कॅमेरा घरी ठेवून जा. उजेड कुठल्या बाजूनं येतो आणि किती वाजता निघून जातो, तेवढं वहीत लिहून आणा. पहिलं प्रकरण त्या वहीपासून सुरू होतं.