लेण्याद्रीची चढण

रविवारी जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या सुमारे 300 पायऱ्या मुलाबाळांसह चढणारी कुटुंबे बहुधा सातव्या लेण्यातील गणपतीपाशीच थांबतात. वस्तुतः ते दालन भिक्खूंचा विहार होय. भोवतीच्या 20 खोल्या मुलांकडून मोजवून घ्याव्यात. शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान असल्याचे तेथील ब्राह्मी लेख सांगतो. जुन्नर परिसरातील अन्य लेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. एका दात्याने तर आपल्या दानाचा ठेवा बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे सोपविला. ज्या बुरुडकामाला पुढे हलके मानले गेले, त्याच हातांवर धम्मदानाचा हा विश्वास होता!